नडगी दुखते, पळू की थांबू?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचलाच गर्दी होते. काल-परवापर्यंत ओस पडलेल्या ग्राऊंडवर मुलं-मुली राऊंडवर राऊंड मारायला लागतात. पंधरा-वीस दिवस जात नाहीत तोच प्रश्न येतो, "सर, नडगी ठणकतेय आतल्या बाजूनं. पळू का थांबू?" सरांचं उत्तर ठरलेलं असतं. "नवीन आहेस ना, पळून पळून मोकळी होईल."

मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे चाळिशीतले बँक अधिकारी हाच प्रश्न विचारतात. फक्त त्यांना उत्तर देणारे सर नसतात, सोसायटीतला एखादा अनुभवी धावपटू असतो. उत्तर मात्र तेच असतं.

या उत्तरावर लोकांचा विश्वास बसतो, कारण सुरुवातीला ते खरं ठरतं. पहिल्या टप्प्यात नडगी दुखते ती पळायला सुरुवात करताना. दहा मिनिटांत अंग तापलं की दुखणं विरतं आणि घरी आल्यावर पुन्हा डोकं वर काढतं. "बघ, झाली ना मोकळी?" असं म्हणायला जागा मिळते. पुढच्या टप्प्यात ते पळताना विरतच नाही, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यात जिना उतरतानाही कळ येते. तेव्हा मात्र हा सल्ला कुणी दिला होता, हे कुणाला आठवत नाही.

१. आधी अंगठ्यानं दाबून पाहा

खुर्चीत बसा आणि दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्या. आतल्या घोट्याचा उंचवटा हाताला लागेल. तिथून अंगठा हळूहळू गुडघ्याच्या दिशेनं सरकवा. नडगीच्या पुढच्या धारेवरून नाही, तर पोटरीचं मांस जिथे हाडाला येऊन भिडतं त्या आतल्या-मागच्या कडेवरून. चार-पाच बोटं वर गेलात की एका जागी "आई गं" निघेल. अंगठा तसाच वर नेत राहा. दुखायला कुठे लागलं आणि कुठे थांबलं, तिथे पेनानं दोन खुणा करा आणि मधलं अंतर पट्टीनं मोजा.

हे अंतर पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरलं, दुखणं कडेनं पसरलेलं असलं आणि ते पळण्याशी बांधलेलं असलं, तर बहुतेक वेळा हे तेच दुखणं असतं ज्याला धावपटू शिन स्प्लिंट्स म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'मिडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम' असं लिहिलेलं सापडेल. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. यासाठी बहुधा एक्स-रेसुद्धा लागत नाही. चार प्रश्न आणि डॉक्टरांचा अंगठा पुरतो.

नडगीच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या मांसल भागात दुखत असेल तर ते वेगळं. पाऊल वर उचलणारा स्नायू तिथे असतो. उताराचा रस्ता किंवा अचानक वाढवलेली चाल यांमुळे तो भरून येतो आणि सहसा चार दिवसांत सुटतो. या प्रकरणात आपण आतल्या कडेबद्दल बोलत आहोत.

२. एका पायावर किती भार?

आता थोडा हिशोब. ६० किलो वजनाची व्यक्ती ५ किलोमीटर अर्ध्या तासात पळते. मिनिटाला साधारण १७० पावलं धरली तर अर्ध्या तासात ५,१०० पावलं होतात, म्हणजे एका पायाच्या वाट्याला २,५५०. पळताना पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं उलट ढकलते. अडीच पट धरू. म्हणजे दर पावलाला १५० किलो, तेही २,५५० वेळा.

हाडाच्या आतला दाब याहूनही जास्त असतो, कारण पोटरीचे स्नायू त्याच क्षणी हाडाला जोरानं आवळत असतात. या दाबानं टिबिया किंचित वाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण वाकतं. हे वाकणं सगळ्यात जास्त कुठे जाणवणार? हाड जिथे सगळ्यात बारीक आहे तिथे, म्हणजे मधला तिसरा भाग संपून खालचा सुरू होतो त्या आसपास. तुमच्या पेनाच्या खुणा बहुधा तिथेच असतील.

पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला, चपटा आणि जाड सोलियस. हाडाचं वाकणं आवरून धरण्याचं काम मुख्यतः सोलियसचं. तो दमला की तोच भार हाडाला जास्त वाकवतो. म्हणूनच शेवटच्या राऊंडला पाय फरफटत पळणं नडगीला सगळ्यात महागात पडतं.

मग नेमकं दुखतं काय? हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्यात मज्जातंतूंची दाटी असते. नडगी टेबलाच्या कडेवर आपटल्यावर डोळ्यांत पाणी येतं ते यामुळेच. स्नायूंच्या ओढीनं हे आवरण चिडतं, असं पूर्वी मानत. आता लक्ष गेलंय खालच्या हाडाकडे. हे दुखणं असलेल्या खेळाडूंच्या हाडाची घनता मोजली तेव्हा दुखऱ्या भागात ती कमी आढळली आणि बरं झाल्यावर पुन्हा भरून आलेली दिसली.

३. हाड आधी खणलं जातं

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं, की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. भार वाढला की हाड मजबूत होतं. इथवर सगळे ऐकून असतात. ते कसं होतं, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, आणि नडगीदुखीची सगळी मेख तिथेच आहे.

हाडात दोन प्रकारच्या पेशी कामाला असतात. थकलेला, बारीक तडे गेलेला भाग खाऊन टाकणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट आणि तिथे नवं हाड घालणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. काम चालतं नगरपालिकेच्या रस्तादुरुस्तीसारखं. आधी खणतात, मग भरतात. फरक इतकाच की इथला कंत्राटदार प्रामाणिक आहे. खणण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला मात्र तीन महिने लागतात. मधल्या काळात तो रस्ता पूर्वीपेक्षाही कच्चा असतो. सायकली, रिक्षा जाऊ द्यायला हरकत नाही, पण रोज सकाळी डंपर सोडले तर खड्डा भरण्याऐवजी खोल होत जातो.

दम मात्र लवकर वाढतो. तीन-चार आठवडे नेटानं पळलं की छातीत धाप लागत नाही, पायही हलके वाटतात आणि उत्साहाच्या भरात माणूस अंतर वाढवतो. नेमकं त्याच सुमारास हाड खणून ठेवलेलं असतं.

४. जाहिरात निघाल्यावरचा महिना

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर पळावं लागतं. ५० पैकी २० गुण या एका धावेचे. राज्य राखीव दलाच्या भरतीत तर ५ किलोमीटर. एकेका गुणानं यादीतून नाव निघतं, त्यामुळे मुलं जीव तोडून पळतात, यात त्यांचं काही चुकत नाही. अडचण अशी की जाहिरात कधी येणार याचा नेम नसतो. वर्षभर लेखी परीक्षेचा अभ्यास, शेतातली कामं, एखादी नोकरी असं चाललेलं असतं. मग जाहिरात आली की शून्यावरून एकदम आठवड्याला सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, डांबरी रस्त्यावर. पहिल्या दोन आठवड्यांतच वेळ लावून १,६०० मीटर.

जगभरच्या सैन्यांना हा अनुभव जुना आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांबच्या कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, अशी नोंद केली. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागायचा होता. तो लागल्यावर, १८९७ मध्ये, दिसलं की त्या पायांची हाडं चिरलेली असत. इस्रायली सैन्यातल्या २९५ नव्या सैनिकांवर प्रशिक्षणभर लक्ष ठेवलं गेलं, त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले: ३१ टक्के जणांच्या हाडांत अशा चिरा आढळल्या. त्याच संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. भरतीआधी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. अशा खेळात पळताना दिशा बदलते, उड्या असतात, थांबणं असतं. हाडाला सगळीकडून ताण मिळतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू मिळतो. शाळेत खो-खो खेळलेल्या मुलीचे पाय या बाबतीत श्रीमंत समजायला हरकत नाही.

५. साधी नडगीदुखी की हाडाला चीर?

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. खणणं वाढत गेलं आणि भरणं मागे पडलं तर हाडात चीर जाते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

पुन्हा अंगठा घ्या. कडेनं पसरलेलं दुखणं ही एक गोष्ट, आणि एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर जीव कळवळणं ही दुसरी. दुसरी असेल तर सावध व्हा. रात्री झोपेतही ठणका लागतो का? नुसतं चालतानाही दुखतं का? त्याच पायावर एकदा उडी मारून पाहिली तर त्याच जागी कळ जाते का? यांतल्या एकाचंही उत्तर हो असेल तर पळणं त्या दिवसापासून बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं.

इथे एक फसगत होते. एक्स-रे काढला, "नॉर्मल आहे" म्हणाले, म्हणून मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. लक्षणं चिरेची असतील तर नॉर्मल एक्स-रे हा पळण्याचा परवाना नव्हे.

आणखी एक वेगळा प्रकार आहे. पळायला लागल्यावर ठरावीक वेळानं पोटरी किंवा नडगीचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट होतो, पावलाला मुंग्या येतात किंवा ते उचलेनासं होतं, आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळं ठीक. तिथे स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढत असतो. त्याचे उपचार अगदी निराळे, तेव्हा डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा.

६. कशाचा उपयोग होतो, कशाचा नाही

मैदानावरची औषधं सगळ्यांना पाठ असतात: बाम, स्प्रे, क्रेप बँडेज, गरम तेलानं रगडून माळीश आणि पळण्याआधी दुखण्याची गोळी. यांत सगळ्यात वाईट गोळी. ती हाडाला काही करत नाही, फक्त हाडाची तक्रार बंद करते. दुखऱ्या कडेवर अंगठा रगडून माळीश करणंही तसंच. पोटरीच्या मांसावर करा, हाडावर नको. बर्फानं तात्पुरतं बरं वाटतं. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही, पण तो उपचार आहे असं समजू नका.

पळण्याआधी ताण देणं, म्हणजे स्ट्रेचिंग, याला आपल्याकडे फार मान. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नव्या सैनिकांवर याची परीक्षा झाली आणि २००० साली निष्कर्ष आला. व्यायामाआधी ताण देणाऱ्यांना आणि न देणाऱ्यांना पायाच्या दुखापती सारख्याच झाल्या. ताण देऊन बरं वाटत असेल तर द्या. त्यानं नडगी वाचेल ही आशा सोडा.

दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये, हा धावपटूंचा लाडका नियम. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. २००८ मधला हा निकालही निराशाजनक होता: नियम पाळणाऱ्या गटात आणि नेहमीसारखा सराव करणाऱ्या गटात दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच, पाचातला एक. माझं मत असं की आकडा चुकीचा असेल, दिशा चुकीची नाही. शून्यावरून सुरुवात करणाऱ्याला १० टक्के म्हणजे कशाचे, हाच मुळात प्रश्न आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास. नेदरलँड्समध्येच हे दुखणं असलेल्या ७४ खेळाडूंचे तीन गट केले. एकाला फक्त टप्प्याटप्प्यानं वाढणारा पळण्याचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला त्यासोबत पोटरीचे व्यायाम, तिसऱ्याला त्यासोबत घट्ट मोजे. सलग १८ मिनिटं नीट पळता येईपर्यंत किती दिवस लागले ते मोजलं. तिन्ही गटांना सरासरी १०० ते १२० दिवस लागले, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. २०१२ मधला हा निष्कर्ष समोर असताना कुणी "आठ दिवसांत नडगी बरी" अशी हमी देत असेल, तर त्याच्याकडे शंकेनंच पाहावं. साडेतीन-चार महिने हा आकडा हाड खणून भरण्याच्या वेळेशी किती जुळतो, हेही पाहा.

मग पोटरीचे व्यायाम करायचे की नाही? करायचे, पण दुखणं लवकर जावं म्हणून नाही. पुढच्या वेळी सोलियस लवकर दमू नये म्हणून. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहा, टाचा हळू वर उचला, हळू खाली सोडा. एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. वाकवलेल्या गुडघ्यानं केलेला प्रकार सोलियससाठी. दोन्ही पायांवर सोपं वाटायला लागलं की एका पायावर. दाबल्यावर दुखणं वाढत असेल तर थांबा.

बुटांबद्दल थोडक्यात. तळ झिजलेला बूट बदला. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर पळून झाल्यावर त्यातला मऊपणा संपतो. स्पाइक्स रोजच्या सरावाला नकोत. हजारो रुपयांच्या बुटानं घाईची भरपाई होत नाही.

७. मुलींनी हे वाचावंच

हे दुखणं मुलींमध्ये जास्त आढळतं. त्यातलं काही हाडाच्या बारीक घडणीमुळे, पण काही ताटामुळे. सकाळी उपाशीपोटी पळणं, मग क्लास, दुपारी मेसचा डबा, आणि वजन वाढू नये म्हणून रात्री अर्धीच भाकरी. शरीराला इंधन कमी पडलं की ते हाडं भरण्याचं काम पुढे ढकलतं. पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर "सराव जोरात चाललाय" अशी शाबासकी देऊ नका. हाडांना धोका आहे, असा तो स्पष्ट निरोप आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि घरी आईला सांगा.

अमेरिकी नौदलात ५,२०१ महिला रिक्रूटांना आठ आठवडे एकीकडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, तर दुसरीकडे नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. कॅल्शियमवाल्या गटात हाडाच्या चिरा २० टक्क्यांनी कमी आढळल्या. आपल्या घरात नाचणीची भाकरी, तीळ, दूध, ताक असतंच. गोळ्या हव्यात का, ते रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवावं.

८. परत पळायचं कसं?

झपझप अर्धा तास चालल्यावर दुखत नाही आणि अंगठ्यानं दाबल्यावर जेमतेम जाणवतं, इथवर आलात की सुरुवात करा. तोवर सायकल चालवा, पोहता येत असेल तर पोहा. दम टिकून राहतो आणि नडगीला सुट्टी मिळते.

पहिला आठवडा: एक दिवसाआड, एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. म्हणजे दिवसाला १० मिनिटं आणि आठवड्याला ३० मिनिटं पळणं झालं. हसू येईल. पूर्वी रोज अर्धा तास, सहा दिवस, म्हणजे १८० मिनिटं पळत होता. पण आता त्या ३० मिनिटांत दुखलं का, हेच पाहायचंय. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. दोनपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिल्लक नको. शिल्लक असेल तर पुढच्या आठवड्यातही हाच कार्यक्रम. नसेल तर दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. आधी वेळ वाढवा, मग वेग, चढाव सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका.

पावलं मोजून पाहा. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो? समजा ७८ वेळा, म्हणजे एकूण १५६ पावलं. वेग तोच ठेवून ते ८२ वर न्या, म्हणजे १६४ पावलं. साधारण ५ टक्के वाढ. पाऊल आपोआप आखूड पडतं, शरीराच्या जवळ टेकतं आणि दर पावलाचा धक्का कमी होतो. शक्य तेवढं मातीच्या मैदानावर पळा. रस्त्यानं पळावंच लागलं तर रोज एकाच कडेनं पळू नका. डांबरी रस्त्याला बाजूकडे उतार असतो आणि एकाच पायावर जास्त ताण येत राहतो.

आणि ग्राऊंडची तारीख तीन आठवड्यांवर आली असेल तर? दुखणं कडेनं पसरलेलं आणि सौम्य असेल, तर आठवड्यातून दोनदा पळा, त्यातली एक धाव वेळ लावून. बाकीचे दिवस सायकलवर काढा आणि उरलेला वेळ गोळाफेकीला द्या. तिथे १५ गुण आहेत आणि जागेवरून गोळा फेकताना नडगीला धक्के बसत नाहीत. पण दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या जागी असेल, रात्री ठणकत असेल, तर मैदानात उतरू नका. चीर गेलेलं टिबिया धावताना पूर्ण मोडू शकतं, मग आत रॉड बसवावा लागतो आणि पुढची भरतीही हातची जाते. वय संपत आलं असलं तरी माझं उत्तर हेच राहील.